एक पत्र कमी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे सर, त्यांची इतकी वर्षं जेवायला वाट पाहणाऱ्या वहिनी आणि सभागृहातल्या मित्रमैत्रिणींनो,

सर समाजशास्त्र कसं शिकवायचे, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी मागच्या खोलीतलं सांगते. फाशी द्यावी की नाही, याबद्दल लोकांनी वर्तमानपत्राला लिहिलेली अकरा हजार पत्रं सरांनी रद्दीत जाता जाता सोडवून आणली. बावीस वर्षं मी त्यांची नोंद ठेवली. ‘द्या’ म्हणणाऱ्याला लाल फीत, ‘नको’ म्हणणाऱ्याला हिरवी, एकाच पत्रात दोन्ही म्हणणाऱ्याला पांढरी. पांढरी फीत सारखी संपायची.

एका न्हाव्याने लिहिलंय, ‘माझा रोज गळ्यांशी संबंध येतो. फाशी नको.’ एका बाईंनी लिहिलंय, ‘फाशी द्यावी आणि आमच्या गल्लीतला दिवा लावावा.’ सरांनी लाल फीत बांधली, दिव्याचं नगरपालिकेला कळवलं. दिवा लागला.

दरवर्षी मोजणी झाली की सर म्हणायचे, “बाई, एक पत्र कमी भरतंय.”

“सापडेल, सर.”

ते माझ्या खणात होतं. नोंद आधी केली, अक्षर नंतर ओळखलं. मी नववीत असताना कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी आम्हाला एका कैद्यासाठी वर्तमानपत्राला दयेची पत्रं लिहायला बसवलं. छत्तीस जणींनी ‘दया करा’ लिहिलं. मी ‘फाशी द्या’ लिहिलं. त्याने मारलेला माणूस आमचा दूधवाला, मला ताईसाहेब म्हणायचा. त्या छत्तीस जणींत कैद्याची मुलगी होती, माझ्याच बाकावर. तिची शाई संपली, तेव्हा मी माझं पेन दिलं. महिन्याभरात फाशी झाली. माझ्या पत्रामुळे नाही, एवढं समाजशास्त्र मलाही येतं.

उद्या सगळी खोकी ग्रंथालयात जाणार. म्हणून सोमवारी ते पत्र मी सरांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

“अक्षर छान होतं तुमचं. लाल फीत.”

“पांढरी बांधू का, सर?”

“पत्रात तसं कुठे लिहिलंय?”

“मग आता लिहिते.”

“लिहा. तारीख मात्र आजची घाला.”

लिहिलं. चार ओळी, हिरवी फीत. माझ्या बाकावरच्या तिच्या पत्राशेजारी ठेवलंय.

वहिनी, तुमचे आभार, आता सर वेळेवर येतील. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. आणि सर, यंदा मोजून बघा. एक जास्त भरेल.