हिरवा बिल्ला

उस्ताद : अरे, हात तर लावून बघ. मखमल आहे. दुकानदार म्हणाला, आजोबा, आभाराची एवढी मोठी लाल पताका लोक फक्त डॉक्टरला देतात. म्हटलं, हा माझ्या हाताखालून गेलेला पोरगा आहे, डॉक्टरपेक्षा कमी आहे का?

मियाओ : उस्ताद, ती गुंडाळून ठेवा.

उस्ताद : गुंडाळून? आत्ता संचालक येतील, फोटोवाला येईल. सोनेरी अक्षरं वाच तरी. 'बुडत्या गुरूला शिष्याने तारले. पोहण्याचे प्रशिक्षक मियाओ यांस, कांग यांजकडून.'

मियाओ : तुम्हाला पाण्यातून मी नाही काढलं.

उस्ताद : डोळे उघडले तेव्हा तुझंच थोबाड समोर होतं.

मियाओ : मी छाती दाबत होतो. उडी दोउ यानने मारली. उंच खुर्चीवर बसते ना, ती जीवरक्षक मुलगी.

उस्ताद : उशिरा मारली. सून सगळं ऐकून आलीय. म्हणून तर तिला काढताहेत.

मियाओ : आज तिचा शेवटचा दिवस.

उस्ताद : बरोबरच आहे. हे संकुल व्हायच्या आधी इथे आपला कारखाना होता. तुझ्या या तलावाच्या जागी माझं लेथ मशीन होतं. डुलक्या काढणाऱ्याला मी मशीनजवळ उभं केलं नाही कधी. तुलासुद्धा नाही.

मियाओ : ती डुलक्या काढत नव्हती, उस्ताद. तिने तुम्हाला पाहिलं होतं. पालथे, हालचाल नाही. पण चड्डीवर हिरवा बिल्ला शिवलेला. तिला वाटलं, खोल पाण्याची परीक्षा पास झालेला माणूस आहे, दम रोखायचा सराव करत असेल. म्हणून ती थांबली.

उस्ताद : हं.

मियाओ : बिल्ला मी दिला होता.

उस्ताद : दिलास, मान राखलास. त्यात काय?

मियाओ : बिल्ल्यासाठी सगळ्यांना मधे न थांबता पोहून दाखवावं लागतं. शाळकरी पोरांनासुद्धा. तुम्ही त्या दिवशी कारखान्याचे जुने सोबती घेऊन आलात. ते वरच्या बाकांवर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले. मी तुम्हाला पाण्यात उतरूच दिलं नाही. म्हणालो, ज्यांनी हान नदी पोहून पार केली त्यांची परीक्षा मी काय घेणार?

उस्ताद : सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. फार बरं वाटलं रे मला.

मियाओ : मलाही. मनात धास्ती होती, तुम्ही अर्ध्यात दमलात तर सोबत्यांसमोर शोभा होईल. तुमची अब्रू वाचवली आणि जीव घालवायला निघालो.

उस्ताद : वाचलो ना? विषय संपला.

मियाओ : नाही संपला. चौकशीत मला विचारलं, यांची परीक्षा रीतसर झाली होती का. मी हो म्हणालो, म्हणजे सगळा दोष तिच्यावर. त्या एका 'हो'वर त्या पोरीची नोकरी जातेय. आणि तुम्ही माझ्या नावाची पताका घेऊन आलात. मला माझीच लाज वाटते, उस्ताद. अन्न गोड लागत नाही.

उस्ताद : ऐक. ती तरुण आहे, कुठेही लागेल. तू गेलास तर तुला या वयात कोण घेणार? तुला क्रीडाशाळेत घ्यावं म्हणून सिगारेटची पाकिटं खिशात घालून मी कुणाकुणाच्या दारात उभा राहिलो. ते असं उधळायला?

मियाओ : ते विसरलो असतो तर बरं झालं असतं. बिल्ला दिलाच नसता.

उस्ताद : आणि माझं काय? बाहेर पटांगणात नाचणाऱ्या बायकांपासून बॅडमिंटनवाल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे मला 'नदीवाला कांग' म्हणतात. त्यांना काय सांगू, मला फुकट पास केलं?

(दारावर टकटक. दोउ यान आत येते. हातात झाकणाचा डबा.)

यान : सर, ही शिट्टी आणि ही कपाटाची किल्ली. अरे, आजोबा, तुम्ही इथे? बरं झालं. घरी येणार होते, पण तुमच्या सूनबाई दारातूनच परत पाठवतील असं वाटलं.

उस्ताद : काय आहे ते?

यान : खडीसाखर घालून शिजवलेली नासपती. छातीत पाणी गेलं होतं ना, खोकल्याला बरी पडते. अजून कोमट आहे.

उस्ताद : तू कशाला आणलीस माझ्यासाठी?

यान : चूक माझीच होती, आजोबा. बिल्ला बघितला आणि माणूस बघायचा राहिला. तुम्हाला काही झालं असतं तर... ते जाऊ दे. रागावू नका माझ्यावर.

उस्ताद : मियाओ, कात्री आहे?

मियाओ : कशाला?

उस्ताद : पिशवीत माझी चड्डी आहे, फोटोसाठी आणली होती. सुनेने बिल्ला चारही बाजूंनी पक्का शिवलाय, हाताने निघायचा नाही.

मियाओ : कात्री त्या खणात आहे. यान, ती शिट्टी परत गळ्यात घाल.

यान : म्हणजे?

मियाओ : यांची परीक्षा झालीच नव्हती. मी बिल्ला असाच दिला आणि चौकशीत खोटं बोललो. संचालक आले की सांगणार आहे.

यान : सर, मी इतके दिवस स्वतःलाच शिव्या देत होते.

मियाओ : दिसत होतं मला.

यान : मग बोलला का नाहीत?

मियाओ : घाबरलो.

उस्ताद : संचालकांशी आधी मी बोलणार. नाहीतर सगळं खापर याच्या एकट्याच्या डोक्यावर फुटेल. पोरी, हान नदी मी पोहून पार केली नव्हती. ट्रकच्या ट्यूबला धरून बसलो होतो. कारखान्याची पोरं पुढून दोरीने ओढत होती. तेव्हा काढलेल्या फोटोत फक्त माझं तोंड आलं, ट्यूब आली नाही.

मियाओ : मग तुम्हाला पोहता येतं तरी किती, उस्ताद?

उस्ताद : उथळ पाण्यात थोडे हातपाय मारतो. तेवढंच येतं मला, मियाओ. तू पाण्यात उतरवलं असतंस तर तुलाही कळलं असतं.

यान : मग आजोबा, त्या दिवशी खोल बाजूला उतरलात कशाला?

उस्ताद : बिल्ला होता ना. रोज बघून बघून मलाही तो खरा वाटायला लागला होता.