कपाटात नसलेला कागद

आज रविवार. मगदूम डॉक्टर गेल्या त्याला बारा दिवस झाले. सकाळी आठला मी दवाखान्याचं शटर उघडलं. झाडून घेतलं, फरशी पुसली. मग कपाटातले सगळे केसपेपर बाहेर काढले, गल्लीप्रमाणे लावले, दोरीनं बांधले आणि रिक्षातून इथं समाजमंदिरात आणले. ते मागच्या टेबलावर आहेत. त्यांच्याबद्दल शेवटी सांगतो.

मंडळी, नमस्कार. निपाणीहून डॉक्टरांचे थोरले भाऊ बाळासाहेब आणि वहिनी आलेत. उद्यमबागेतल्या कारखान्यांतून काही जण पाळी बदलून आलेत. अनगोळातली तर बहुतेक घरं इथं दिसतात. मला बोलायची सवय नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. चौदा वर्षं मी तुमच्याशी दोनच वाक्यं बोललो. 'नाव सांगा' आणि 'बसा, बोलावतो.' म्हणून आज लिहून आणलंय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

मला कुणी कंपाउंडर म्हणतं, कुणी मारुतीअण्णा. डॉक्टर अण्णाच म्हणायच्या. पण मी आधी त्यांचा पेशंट होतो. पहिला पेशंट. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात माझी लबाडी आहे.

तेव्हा मी उद्यमबागेत एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला होतो. गावची जत्रा आली होती. माझं गाव कणकुंबीकडं. रजा मिळत नव्हती. कुणीतरी म्हणालं, अनगोळात एका बाईनं नवा दवाखाना घातलाय, गिऱ्हाईक न्हाय, सर्टिफिकेट लगेच देईल. मी गेलो. एका शटरची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, एक स्टूल, मधे हिरवा पडदा. डॉक्टर एकट्याच बसल्या होत्या. मी म्हटलं, ताप आहे, चार दिवसांचं सर्टिफिकेट पाहिजे.

त्या म्हणाल्या, "बसा. हात द्या."

मी म्हटलं, "हाताला काय न्हाय, ताप हाय."

"तापाचा पेशंट इतके चांगले केस विंचरून येत नाही," त्या म्हणाल्या. "द्या हात."

पट्टा बांधला. फुगा दाबला. पारा वर गेला. त्यांनी दुसऱ्यांदा बघितलं, मग तिसऱ्यांदा. मग म्हणाल्या, "सर्टिफिकेट देते. पण खरं देते. तुमचं बीपी एकशे नव्वद आहे. जत्रेला जायचं ते जा, पण ही गोळी घेऊन जा."

खोटं मागायला गेलो होतो, खरं घेऊन आलो. निघताना त्या म्हणाल्या, "दवाखाना उघडून तीन दिवस झाले. तुम्ही पहिले आलात."

मंडळी, तीन दिवस कोणी का आलं नाही? कारण माणसं दारातूनच 'सुई मारता का?' विचारायची, आणि बाई सुई टोचत नव्हत्या. भट्टीवरचा माणूस अंग दुखलं की सुई मागतो. सुई टोचली नाही तर पैसे दिल्यासारखं वाटत नाही. "लई शिकल्याती, पर सुई मारायला येत न्हाय वाटतं," असं मी माझ्या कानांनी ऐकलंय. बोलणारे आज इथं बसलेत. हसा, हसा. डॉक्टरही हसायच्या.

त्याआधी त्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात होत्या. चांगली नोकरी होती. ती सोडून इथं का आलात, असं मी त्यांना एकदाच विचारलं. त्या म्हणाल्या, "अण्णा, तिथं पेशंट आणतात तेव्हा त्याचे नातेवाईक बोलत असतात. तो बोलत नसतो. मला बोलणारा माणूस तपासायचाय." घरच्यांना हे पटलं नव्हतं. बाळासाहेब, तुम्हीच मला तेराव्याच्या तयारीत सांगितलंत, म्हणून बोलतो.

पुढं आमच्या टाइम ऑफिसात अंगठ्याचं मशीन आलं आणि मी घरी बसलो. गोळी न्यायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला माणसांची नावं पाठ राहतात. इथं केसपेपर काढायला माणूस पाहिजे." दुसऱ्या दिवसापासून मी स्टुलावर बसलो. ते स्टूल अजून तेच आहे.

आता एक गोष्ट सगळ्यांना आठवत असेल. आपल्याकडं बरं असताना दवाखान्यात जात नाहीत. आणि दवाखान्यातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. डॉक्टरांनीही 'या' म्हणायचं नसतं. पण बीपीचा, साखरेचा माणूस महिन्यानं परत आला पाहिजे. डॉक्टर सरळ म्हणायच्या, "पुढच्या महिन्यात या." पार्वतीमावशी, तुम्ही तेव्हा पायरीवर थांबून काय म्हणाला होतात? "अगं बया, या म्हणती! माझं वाईट चिंतती व्हय गं?" आणि दोन महिने आला नाहीत.

त्यावर डॉक्टरांनी तोड काढली. त्यांनी 'या' म्हणणं सोडलं. दुसरीकडं केसपेपर पेशंटच्या हातात देतात. आपल्याकडं ते कपाटात ठेवायला लागलो. डॉक्टर म्हणायच्या, "तुमचा कागद हितं हाय. त्याला बघायला कवातरी चक्कर टाका." आपल्या नावाचा कागद दुसऱ्याच्या घरी पडलाय, हे माणसाला बरं वाटत नाही. माणसं येऊ लागली. कागद बघायला यायची आणि आल्यासरशी हात पुढं करायची. मावशी, तुम्ही तर कागदाला नमस्कार करायचात.

पट्टा बांधला की डॉक्टरांचा एकच नियम होता. बोलायचं नाही. मराठी माणसाला 'बोलू नका', कन्नड माणसाला 'माताडब्याड्री'. बाहेर रिक्षा ओरडू दे, आत कुणी बोलायचं नाही. बोललं की आकडा चुकतो.

दोन वर्षांनी त्यांनी मलाही बीपी बघायला शिकवलं. कानात नळ्या घालायच्या, पहिला ठोका कुठं येतो ते ऐकायचं, शेवटचा कुठं जातो ते ऐकायचं. तुमच्यातल्या कितीतरी जणांचं बीपी मी बघितलंय. हे लक्षात ठेवा.

रोज सकाळी साडेआठला मी शटर उघडायचो. डॉक्टर वरच्या खोलीतून खाली यायच्या. आल्या की म्हणायच्या, "अण्णा, हात द्या. मशीन बरोबर चालतंय का बघू." मी हात द्यायचो. मला स्वतःला तपासून घ्यायला आवडत नाही. मी बरा आहे, असंच मी म्हणत आलो. पण मशीन तपासायला काय हरकत? रोज हात द्यायचो. त्या आकडा सांगायच्या नाहीत. 'चालतंय,' एवढंच म्हणायच्या.

त्या एकट्या राहायच्या. माझी बायको गेल्यापासून मीही एकटाच राहतो. दुपारी त्या पडद्याच्या आत डबा खायच्या, मी पडद्याच्या बाहेर. चौदा वर्षं. वाटीचा आवाज यायचा. कधी त्या आतून विचारायच्या, "आज काय केलंत?" मी सांगायचो, "आमटी-भात." "माझीपण आमटीच," त्या म्हणायच्या. एवढंच बोलणं. रविवारी त्या निपाणीला जायच्या, सोमवारी मला काहीतरी आणायच्या. वहिनी, तुम्ही केलेली शेंगाचटणी मी बरीच वर्षं खाल्लीय. आज ते सांगायचं राहून जाऊ नये.

आता त्या मंगळवारचं सांगतो.

साडेआठला शटर उघडलं. डॉक्टर खाली आल्या नाहीत. चहा आला. त्यांचा कप मी झाकून ठेवला. चार पेशंट बसले होते. पावणेनऊ झाले. मी जिन्याकडं बघत होतो. चौदा वर्षांत मी तो जिना कधी चढलो नव्हतो. बाईमाणूस एकटं राहतं, आपण वर कसं जायचं, असं मला वाटायचं. त्या दिवशीही तेच वाटलं. नऊ वाजता बाकावरच्या एक बाई म्हणाल्या, "अवो अण्णा, जाऊन तर बघा की." त्या पुढं आणि मी मागं, असे वर गेलो.

रात्री झोपेतच झालं होतं. तपासायला आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुम्ही लवकर वर गेला असता तरी काही उपयोग नव्हता. मी ते मान्य केलं. पण तो अर्धा तास माझ्याजवळच राहिलाय. घरी गेलो तरी असतो.

त्याच डॉक्टरांनी बाळासाहेबांना विचारलं, "यांना बीपी किती वर्षांपासून होतं?" बाळासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

तिसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. त्यांचा कागद शोधायला. म-मध्ये बघितलं. बाहेरगावच्या गठ्ठ्यात बघितलं. बाजूला टाकलेल्या जुन्या कागदांत बघितलं. सगळ्यात खाली एक जाड फाइल होती. वर 'एक' हा आकडा घातलेला, पहिल्या पेशंटचा. उघडली तर माझं नाव. आत माझं रोजचं बीपी. तारीख आणि आकडा, तारीख आणि आकडा. शेवटची तारीख त्या सोमवारची. मशीन कधी तपासलंच जात नव्हतं, मंडळी. मी तपासला जात होतो.

डॉक्टरांचा कागद कपाटात नव्हता. गल्लीतल्या सगळ्यांचा आहे. फक्त त्यांचा नाही.

गेल्या काही महिन्यांत त्या मान चोळायच्या. मी एकदा विचारलं, "डोकं दुखतंय का?" त्या म्हणाल्या, "चष्मा बदलायला झालाय." मला खरं वाटलं. फार वर्षांपूर्वी, मी नवा शिकलो होतो तेव्हा, एकदा म्हणालो होतो, "डॉक्टर, तुमचं बघू का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "राहू द्या, मशीनला तुमच्या हाताची सवय झालीय." मी पुन्हा विचारलं नाही. पट्टा टेबलावर होता. मला बघता येत होतं. त्या दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. आणि मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही असं नाही. विचारलं नाही, एवढंच.

हे मी रडायला सांगत नाही. कामासाठी सांगतोय.

परवा पार्वतीमावशी रस्त्यात भेटल्या. मी विचारलं, गोळी चालू आहे ना? मावशी म्हणाल्या, "बंद केली रं. हातगुण त्यांचा हुता, गोळीचा न्हवं. आता त्याच न्हाईत तर गोळी काय करती?" मग मी आणखी काही घरी जाऊन आलो. मला कुणाच्या घरी जायची सवय नाही, पण गेलो. तिथंही तेच. एकानं तर गोळ्या डॉक्टरांच्या फोटोपुढं ठेवल्यात, हळद-कुंकू लावून. आज घरी जाऊन त्या तिथून उचला. कोण ते मी सांगत नाही.

मावशी, ऐका. चौदा वर्षं मी त्या हाताच्या शेजारी बसलोय. हातगुण असेल तर तो एवढाच, की त्या पुन्हा पुन्हा हात मागायच्या. बरं करत होती ती गोळी, आणि तुमचं येणं. डॉक्टर गेल्या म्हणून तुम्ही गोळी सोडलीत, तर नोकरी सोडून त्या या खोलीत तीन दिवस एकट्या बसल्या, त्याचा काय उपयोग?

म्हणून कागद आणलेत. चौदा वर्षं आम्ही ते तुमच्या हातात दिले नाहीत. आज घेऊन जा. आपापल्या गल्लीचा गठ्ठा बघा. वाचता येत नसेल त्यांना मी नाव बघून देतो. तो कागद घेऊन सरकारी आरोग्य केंद्रात जा. तिथल्या डॉक्टरांना मी भेटून आलोय. त्यांनी सांगितलंय, कागद असला तर पहिल्यापासून विचारावं लागणार नाही. जे आज आले नाहीत त्यांचे कागद मी घरोघर पोचवीन.

आणि आणखी एक. घरात जो सगळ्यांना दवाखान्यात नेतो, त्याचा कागद आहे का, ते आज घरी जाऊन बघा. माझं एवढंच मागणं आहे.

खोली या महिनाअखेरीस रिकामी करायची आहे. तोवर रोज जाणार. उद्या सोमवार. साडेआठला शटर उघडीन. वर जिन्याकडं बघीन बहुतेक, ती सवय जायची नाही. मग स्टुलावर बसून स्वतःच्याच हाताला पट्टा बांधीन. एका हातानं जरा अवघड जातं, पण जमतं. काल करून बघितलं. आकडा माझ्या कागदावर लिहीन आणि पट्टा गुंडाळून पेटीत ठेवीन.

आता आपण डॉक्टरांसाठी शांत बसू. किती वेळ, तर पारा वर जाऊन खाली यायला लागतो तेवढाच. त्या आपल्याला बसवायच्या तसं बसा. पाठ टेकवा. पाय जमिनीवर ठेवा. हात सैल सोडा.

बोलू नका.