खानावळीचा विस्तार

लीलाबाई : वाच. मोठ्यानं वाच. एवढा घाट चढून आलीस ना, मग हितं चुलीपुढं बसून वाच, काय लिवलंस माझ्यावर.

दिशा : मावशी, तुला कळलंय ना सगळं, मग परत कशाला?

लीलाबाई : मला सकाळी भावजींनी दारात उभं राहून ऐकवलंय, त्यांच्या सुनेच्या मोबाईलवरनं. गल्लीतल्या भांडणासारखं. आता सख्ख्या भाचीच्या तोंडून ऐकू दे.

दिशा : बरं. "नव्या ब्लॉगर मित्रांनो, आजचा धडा माझ्या ताम्हिणीच्या लीलामावशीकडून. मावशी साठीला आली. काका गेल्यापासून घाटात एकटी खानावळ चालवते. थकली असेल असं वाटतं तुम्हाला? मुळीच नाही. येत्या दसऱ्याला ती आपल्या व्यवसायाचा विस्तार करते आहे. तेव्हा वाचक कमी आहेत म्हणून रडत बसू नका. लिहीत राहा, वाढत राहा."

लीलाबाई : कोण करतंय इस्तार?

दिशा : तू. तूच म्हणालीस. गेल्या रविवारी, इथंच बसून. माझ्यासमोर म्हणालीस, दसऱ्याला खानावळ वाढवायची हाय.

लीलाबाई : व्हय. म्हणाले.

दिशा : मग झालं तर.

लीलाबाई : काय झालं? तुझ्या आईच्या हातातली बांगडी पिचली तर ती काय म्हणती गं? फुटली म्हणती?

दिशा : नाही. बांगडी वाढवली म्हणते.

लीलाबाई : मग काय त्या बांगडीचा इस्तार हुतोय का?

दिशा : म्हणजे... मावशी, तू बंद करणार होतीस?

लीलाबाई : त्या चुलीनं मला आन माझ्या लेकीला पोटाला घातलं. तिला बंद करती असं तोंडानं म्हणू? चांगल्या गोष्टीला कुनी बंद म्हणत न्हाई, मोडलं म्हणत न्हाई. वाढवलं म्हणत्यात. मुळशीतल्या भरे गावात जन्मलीस तू, काय लंडनात न्हाई. हिंजवडीत दोन वर्सं काढलीस तर एवढं बी इसरलीस?

दिशा : चूक झाली. आत्ता दुरुस्त करते. दोन मिनिटांचं काम आहे.

लीलाबाई : दोन मिनिटांचं? तुला म्हाईत तरी हाय का काय केलंस त्ये? ही जागा भावजींच्या नावावर हाय. हैबतरावांच्या. तुझ्या काकांच्या माघारी त्यांनी मला हाकललं न्हाई, खोटं कशाला बोलू. पर रस्त्याकडची जागा त्यास्नी पायजे. आमचं बोलणं झालं, दसऱ्याला म्या खानावळ वाढवायची, म्होरची जागा मोकळी करायची, आन त्यांनी मागच्या दोन खोल्या माझ्या नावावर करून द्यायच्या. कागद करायला उद्या पौडच्या कचेरीत जायचं ठरलं व्हतं. उद्या.

दिशा : आणि आता?

लीलाबाई : आता म्हणत्यात, वैनी, मला बंद सांगता आन जगाला इस्तार सांगता. मी येत न्हाई पौडला. असं म्हणून चालते झाले. म्या मागनं हाका मारत्येय, तर वळून बघितलं न्हाई. डोक्यावरचं छप्पर गेलं गं माझं, तुझ्या त्या धड्यापायी.

दिशा : मी समजावते काकांना. पोस्ट काढून टाकते. खूप शेअर झालीय, पण तरी टाकते काढून.

लीलाबाई : फोन का न्हाई केलास आधी?

दिशा : तुझ्याकडे रेंज नसते गं.

लीलाबाई : मंगळवारी नाचणीचं पापड पायजे व्हते तवा लागली की रेंज. निस्ती पापडाची चौकशी केलीस. खरं बोल.

दिशा : आईला पोस्ट दाखवली होती. ती म्हणाली, मावशीला एकदा विचारून घे, ती असं बोलणारी नाही.

लीलाबाई : तुझी आई म्हणाली. आन?

दिशा : मला रोज सकाळी पोस्ट टाकायची असते. मीच लोकांना शिकवते ना, एकही दिवस चुकवू नका, आपल्या माणसांच्या गोष्टी सांगा, शेवट आशेवर करा. त्या दिवशी माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

लीलाबाई : फोनला कितीसा येळ लागतो?

दिशा : वेळेचा प्रश्न नव्हता. तू नाही म्हणाली असतीस तर शेवट गेला असता माझा. खानावळ बंद करणाऱ्या बाईकडून मी लोकांना काय शिकवणार होते?

लीलाबाई : म्हणजे तुला ठावं व्हतं.

दिशा : ठाऊक नव्हतं गं. शंका होती.

लीलाबाई : शंका व्हती आन इचारलं न्हाईस. ते तर खोटं बोलण्यापरीस वंगाळ. खोटं बोलणाऱ्याला निदान लाज तरी आसती. माझं गुडघं बघ. सकाळी भिंत धरून उठती म्या. धुरानं डोळं असं झाल्यात की भाकरी करपली तर वासावरनं कळतं. आन तू लिवतीस, थकली असेल असं वाटतं तुम्हाला. व्हय, थकले. लई थकले. थकायला बी परवानगी न्हाई का मला, तुझ्या ब्लॉगावाल्यांस्नी बरं वाटावं म्हून?

दिशा : मावशी, दारात कुणीतरी आहे.

लीलाबाई : भावजीच हायेत. या, बसा.

हैबतराव : बसाय न्हाई आलो. बाहेर दोन गाड्या लागल्यात. पुण्याची माणसं हायेत, इचारत्यात, ती इस्तारवाली मावशी कुटं हाय. ते सांगाय आलो.

दिशा : हैबतकाका, मी दिशा. ते मी लिहिलंय. मावशीचा काही दोष नाही, मी तिचं बोलणं चुकीचं समजले.

हैबतराव : तूच व्हय ती. वैनी, तुमी हिला नेमका काय शब्द म्हणाला व्हता? जसाच्या तसा सांगा. एक अक्षर इकडचं तिकडं नगं.

लीलाबाई : दसऱ्याला खानावळ वाढवायची हाय.

हैबतराव : एवढंच?

लीलाबाई : एवढंच. ह्या चुलीची आण.

हैबतराव : आगं पोरी, मग एवढंच लिवायचं व्हतंस की. आमच्या सुनेनं, पिंकीनं, मोबाईलमधनं हा शब्द वाचला असता तर तितल्या तितं कळलं असतं मला. तुला कुनी सांगितला त्यो बदलाय?

दिशा : वाचकांना गावाकडची भाषा जड जाते म्हणून मी सगळं नीट, प्रमाण भाषेत करून घेते.

हैबतराव : नीट करून घेती. वैनीच्या तोंडात काय वाकडं व्हतं गं? सकाळपासनं मी घरच्या बाईला लबाड म्हणतोय, दारात उभं राहून, चार माणसांदेखत. तुझ्या नीट करण्यापायी.

लीलाबाई : ते ऱ्हाऊ द्या भावजी. उद्या पौडला येताय का न्हाई?

हैबतराव : येतो. पर एक सांगतो. आज दोन गाड्या हायेत, रविवारी धा येतील. गल्ला वाजाय लागला की भल्याभल्याचं मन फिरतं. म्हून चूल आज वाढवायची. माझ्या डोळ्यांदेखत. दसरा नगं.

लीलाबाई : दसऱ्याला ह्यांनी चालू केली व्हती. ह्याच दगडावर नारळ वाढवला व्हता. त्याच दिवशी घाटातल्या डायवर लोकास्नी शेवटचं जेवू घालायचं मनात व्हतं माझ्या. तेवढं तरी असू द्या.

हैबतराव : मला बी कळतंय वैनी. भाऊ व्हता त्यो माझा. पर आता निस्त्या शब्दावर बसायची माझी हिंमत न्हाई.

दिशा : काका, प्लीज. चूक माझी आहे, तिला कशाला शिक्षा? मी पोस्ट काढते, मग कुणी येणार नाही.

हैबतराव : काढू नगंस. त्याच्या खाली लिव, माझं चुकलं म्हून. तुझ्या नावानिशी.

लीलाबाई : ऱ्हाऊ दे दिशे, हात जोडू नगंस. भावजी, आजच वाढवती. पर आलेल्या माणसांस्नी उपाशी न्हाई पाठवायची. आधण ठेवलंय, पिठलं हाय, पीठ मळलंय.

हैबतराव : ते मी कवा म्हणलो? जेवू द्या की. मी बाहेर बाजेवर बसतो. गाड्या गेल्या की हाक मारा.

(हैबतराव बाहेर जातात. लीलाबाई भाकरी थापायला बसते, दिशा मोबाईलवर लिहिते.)

दिशा : लिहिलं. माझंच चुकलं, मावशीनं खानावळ वाढवली, असंच लिहिलंय, तुझ्या शब्दात. वाचून दाखवू?

लीलाबाई : नगं.

दिशा : दसऱ्याला मी येते. आपण दोघी मिळून काहीतरी करू, ड्रायव्हर लोकांना बोलावू.

लीलाबाई : कुटं बोलावतीस? मागच्या खोलीत?

दिशा : मावशी, एकदा माझ्याकडे बघ तरी.

लीलाबाई : भाकरी करपल.

दिशा : अजून राग आहे तुझा?

लीलाबाई : हाय. लई हाय. इतक्यात जायचा न्हाई त्यो, आन जावा असं मला बी वाटत न्हाई.

दिशा : मग मी काय करू?

लीलाबाई : त्यो मोबाईल ठेव फळीवर. बाहेर माणसं बसल्यात. भाकरी निवायच्या आत वाढ त्यास्नी, जा.