हाकलणारं सरकार

थापा मारायला एसटीसारखी जागा नाही. शेजारचा उतरला की विषय संपतो. पण परवा पाथरीच्या गाडीत अंगलट आलं.

शेजारच्या म्हातारबांनी विचारलं, "भाऊ, अमेरिकेतलं सरकार बाहेरच्या लोकायला हाकलून द्यायलंय म्हणं. खरं हाय का?"

"तुमचं कोण हाय तिकडं?"

"धाकटं पोरगं. आईच्या मातीलाबी येणं झालं न्हाई त्याला."

मी लगेच फेकली, "बिनघोर राहा, बाबा. तिथल्या एका मंत्र्याची अन् आपली लय जुनी वळख हाय. तुमच्या पोराला कुणी हात लावणार न्हाई."

म्हातारबा हसले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "मंग त्यायला माझा एक निरोप द्या, भाऊ. सगळ्यात आधी माझ्या पोराला हाकला म्हणावं."