आल्याबद्दल शिक्षा

मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंना दुसऱ्याचं बोलणं ऐकायची खोड नव्हती; पण प्राण्यांच्या दवाखान्यात शेजारच्याच बाकावर एक आजोबा कुत्रे शिकवणाऱ्या मुलीपुढे गाऱ्हाणं मांडत होते.

“हाका मारून घसा बसतो, पण हा पठ्ठ्या येईल तर शपथ!”

“आणि आला की?”

“चांगला झापतो. इतका वेळ कुठे उंडारत होतास म्हणून.”

“म्हणजे आल्याबद्दलच शिक्षा! आजोबा, आला की आधी खाऊ द्या, पाठ थोपटा.”

“उशिरा आला तरी?”

“तरीसुद्धा.”

आजोबा कुत्र्याचा कान कुरवाळत राहिले.

“चार वर्षांनी मुलगा आला होता माझा. मी दारातच म्हटलं, आत्ता आठवला का बाप?”

“मग?”

“आल्या पावली परत गेला.”

“नंतर तुम्ही हाक मारलीत?”

“मी? अगं, बाप आहे मी त्याचा!”