घाण पाणी पाहिजे

...आणि मला आधी एवढंच सांगा, ज्या वसाहतीत गटारसुद्धा कोरडं ठणठणीत, तिथं मी सांडपाणी शुद्ध करायला आलेच कशाला? नाही, हसू नका. मी शिकून कुठून आले, माहितीये? हॉलंडहून! तिथं पाणी इतकं, की ते घरात शिरू नये म्हणून लोक पिढ्यानपिढ्या बांध घालत बसलेत. आणि मी पाटोद्याची मुलगी तिथं बसून स्वप्न काय बघत होते, तर बीडमधल्या एका वसाहतीच्या मोऱ्यांचं काळं पाणी माझ्या यंत्रातून नितळ होऊन निघतंय आणि भर दुष्काळात बायकांच्या परसात मेथी डुलतेय. शाश्वत विकास! हा शब्द मी इतक्यांदा म्हणायचे, की माझ्या खोलीतली पोलंडची मुलगी झोपेत ‘शाश्वत, शाश्वत’ बरळायला लागली होती.

मग आले. टेकडीखालची वसाहत. प्रकल्प मंजूर, बायकांची सहकारी संस्था नोंदलेली, सिमेंटचे मोठे हौद बांधून तयार, शेजारी कपाटाएवढं निळं यंत्र, आणि हौदावर ठेकेदाराने लावलेली लालभडक पाटी : ‘सांडपाणी. पिण्यास अयोग्य.’ पाटी होती. सांडपाणी नव्हतं. हौदात वाकून बघते तर आत एक कोंबडी अंडी उबवत बसलेली! तिने मान तिरकी करून माझ्याकडे असं पाहिलं, की बाई, पत्ता चुकलात का? आणि तिचं काय चुकलं हो? घाण पाणी आणायचं कुठून?

त्या वर्षी पालीच्या धरणात पोरं क्रिकेट खेळत होती. नळाची तोटी फक्त आठवण म्हणून भिंतीला. टँकर येईल तेव्हा येणार, आणि त्याचं पाणी घरात गेलं की बाहेर येतंय कशाला! पोराला बाजेवर बसवून आंघोळ घालायची, बाजेखाली घमेलं. घमेल्यातल्या पाण्यात धुणं. धुण्याच्या पाण्याने फरशी पुसायची, उरलं तर अंगणात सडा. भांडी राखेने घासायची, म्हणजे ते पाणी म्हशीला चालतं. हॉलंडच्या पुस्तकात माणशी सांडपाणी किती निघतं त्याचं कोष्टक होतं हो. इथं निघायचा तो फक्त घाम!

तरी मी बादली घेऊन दारोदार फिरले. भिवराबाईंकडे गेले, त्या वसाहतीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, दारात म्हैस. म्हटलं, आजी, तुमचं घाण पाणी द्या ना. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“कावून? कशापायी देऊ? आन् म्हशीला काय पाजू? आज घाण मागतीस, उद्या चांगलं मागशील.”

आणि घमेलं आत घेऊन गेल्या. चक्क कडी लावली! घाण पाण्याला कडी!

आता ऐका. याच सुमारास निरोप आला, की लांबच्या शहरातून मोठे साहेब प्रकल्प बघायला येणार. यंत्र चालताना दिसलं, तर दुसरा टप्पा मंजूर. दुसरा टप्पा म्हणजे वसाहतीला पाणी साठवायची मोठी टाकी. मी म्हटलं, टाकी काय, किरकोळ गोष्ट, खरी क्रांती यंत्रात आहे. तेव्हा आमच्या संस्थेच्या अध्यक्षा चंद्रभागाबाई, आडव्या बांध्याच्या, आवाज असा की टँकर दोन गल्ल्या आधीच थांबतो, त्यांनी मला खाली बसवलं.

“म्याडम, आमाला तुमचं यंत्रबी नको न् मेथीबी नको. आमी सह्या टाकीसाठी केल्या. टँकर भर दुपारी येतो, जी घरी तिला पाणी, जी कामाला गेली तिचं ड्रम कोरडं. टाकी आसली तर कामावरून येऊन भरता येतं. लई साधं हाय.”

आणि त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, की साहेब येतील त्या दिवशीचा टँकर हौदात ओतायचा, त्यात माती-राख कालवायची आणि यंत्राला पाजायची. म्हणजे बघा, दुष्काळात चांगलं पाणी आणायचं, ते घाण करायचं, मग ते चांगलं करून दाखवायचं! यालाच शाश्वत म्हणत असावेत.

तो दिवस उजाडला. कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत हलवलं. टँकरवाला शहादेव गाडी मागं घेत विचारतो, “ह्याच्यात? पाटी वाचलीय का?” वाचली, ओत. त्याने ओतलं. हौद भरला, आणि तुम्हाला सांगते, तळाची सिमेंटची रेघसुद्धा दिसत होती इतकं नितळ! सगळ्या बायका काठाशी. चंद्रभागाबाईंनी मातीचं घमेलं उचललं... आणि शेजारणीच्या हातात दिलं. तू टाक, म्हणे, माझं मनगट दुखतंय. शेजारणीला एकदम आठवलं, की आज तिचा उपास. तिने पुढं दिलं. ज्या बाया पाण्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, त्या घमेलं एकमेकींना असं द्यायला लागल्या, जणू हळदीकुंकवाचं वाण! फिरत फिरत ते माझ्याकडे. “तुमीच टाका म्याडम, तुमी शिकलेल्या.” बरोबर आहे. पदवीच आहे माझ्याकडे. घमेलं तिरकं केलं... आणि हात पुढं जाईना! घाण पाणी आणायचं कुठून, हे विचारत महिनोन्महिने फिरले मी, आणि आता समोर फक्त ओतायचं होतं, तर हात जाईना.

तेवढ्यात फोन, साहेबांची गाडी पाटोद्याच्या पुढं आली. तेव्हा भिवराबाई म्हणाल्या, “टाकून कावून घाण करता? वापरून घाण करा की.”

मग काय झालं विचारू नका! घरोघरच्या गोधड्या निघाल्या, वर्षभर पाणी न बघितलेल्या. पोरं उघडी करून हौदाशेजारच्या ओट्यावर उभी केली. बादल्या हौदात, साबण हवेत, आणि एकेका पोराचा खरा रंग कळायला लागला. ओट्यावरचं पाणी नालीतून यंत्रात जाणार, असा माझा बेत. मी यंत्र चालू करून तोंडाशी बसले. वाट बघतेय. नाली कोरडी! वळून बघते तर प्रत्येक गोधडीखाली घमेलं, प्रत्येक पोराखाली परात! मी ओरडतेय, अहो, सोडा ते नालीत! सगळ्या म्हणतायत व्हय म्याडम, सोडतो म्याडम, आणि घमेली घराकडे चाललीत! सवय हो. शेवटी तांब्याभर पाणी चुकून आलं. यंत्र एकदा खोकलं आणि गप्प.

नेमके तेव्हाच साहेब. दोरीवर ओल्या गोधड्या, चकाकणारी पोरं, अर्धा भरलेला हौद. साहेबांनी गॉगल काढला. “वा, वा! आम्ही ऐकून होतो, बीडमध्ये फार टंचाई. इथं तर सुबत्ता आहे! मग टाकीची गरज काय?” मी सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार? की हे पाणी आम्ही खोटं बोलायला आणलं होतं? साहेबांनी टाकी रद्द केली, गॉगल लावला आणि गेले.

कोणी रडलं नाही. चंद्रभागाबाई गोधडी पिळत राहिल्या, बराच वेळ, थेंब निघायचा बंद झाला तरी. मग म्हणाल्या, “पोरं तर धुऊन झाली.”

मी घरी येऊन हॉलंडला परतायचं तिकीट बघत बसले. खोटं कशाला सांगू.

सकाळी सामान आवरायला प्रकल्पावर गेले, तर आठवलं की हौदाच्या कुंपणाच्या दाराला कुलूपच लावलं नव्हतं. ज्या वसाहतीत ड्रमला कुलूप, तरी कुलूप तोडून पाणी जातं, तिथं अर्धा हौद उघडा! धावत गेले. पाणी तसंच्या तसं. एक बादलीही कमी नाही. पलीकडच्या गल्लीतले दोघं त्याच वाटेने चालले होते, पाटीकडे बघून नाकाला पदर आणि रुमाल लावून.

मी तिथंच उभी. एवढे मोठे हौद, आणि आम्ही टाकी मागत बसलो होतो!

मग ठरवलं. चंद्रभागाबाईंना उठवून किल्ली दिली, टँकर आजपासून हौदात. पाटी मात्र काढायची नाही, उलट मी स्वतः रंगाचा डबा आणून तिची अक्षरं नव्याने ठळक केली. परदेशात शिकले त्याचा एवढा तरी उपयोग. आणि कोंबडीची सोय? तिला टोपलीसकट निळ्या यंत्रात बसवलं, लगेच रमली. आणि साहेबांना लिहून कळवलं, यंत्र वापरात आहे.