आरशामागचा बार

मेहरूणकडे तो नवा बार निघालाय ना, जुन्या दारूबंदीच्या काळातल्या चोरट्या अड्ड्याच्या थाटाचा? बाहेर शिंप्याचं खोटं दुकान, आरशामागे बार. माझ्या बढतीची पार्टी मित्रांनी तिथेच ठेवली. नेमके वडील दोंडाईचाहून आलेले. शिंप्याकडे जातोय अशी थाप मारली, तर "मीही येतो," म्हणाले. नाना जन्मभराचे शिंपी, दारूचा वासही न सोसणारे. मी घेतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुकानातलं शोभेचं मशीन बघून नाना थबकले. "तुम्ही बसा, मी माप देऊन येतो," म्हणत मी आरशामागे सटकलो.

तासाभराने बाहेर आलो, तर नानांनी ते बंद मशीन चालू करून मॅनेजरच्या कोटाची उसवलेली बाही शिवलेली. माझ्या हातावर वेलची ठेवत म्हणाले, "ही चाव. नही ते सूनले वास येई."

मी विचारलं, "तुम्हाला कळलं?"

"ज्या दुकानमा एक बी कातरन पडेल नही, ते शिंपीनं कसं राही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुन्हा आनंदना दिन शे. मी कशाले खराब करू?"

मी तिथल्या तिथे पाया पडायला वाकलो.

नाना मागे सरकले. "तोंड तिकडे कर, मंग पाया पड."